रघूच्या लेथचं अडकलेलं सेंटर

आमच्या सोसायटीत मला सगळे 'मेकॅनिक काका' म्हणतात. कोणाचा मिक्सर बंद पडला, पंखा कुरकुरला, लॅच अडकलं, की बेल आमच्या घरची वाजते. मी मेकॅनिक नाही, मशीन फिटर होतो, हे सांगून सांगून तोंड दुखलं, पण ऐकतो कोण? शेवटी मिक्सर हातात घेतोच. बायको म्हणते, "रिटायर झालात तरी हाताची खाज काही जात नाही तुमची." खरंय तिचं. पण मिक्सर चालू झाला म्हणून मला काडीचा आनंद होत नाही. ज्या कामात मला आनंद व्हायचा ते काम सांगितलं की समोरचा माणूस विषय बदलतो. ते काम म्हणजे लेथ मशीनच्या टेलस्टॉकमध्ये अडकलेला टेपर काढणं.

आमच्या सोसायटीच्या अंकाचं काम बघणारे गृहस्थ म्हणाले, यावरच लिहा, फक्त आम्हाला कळेल असं लिहा. प्रयत्न करतो. नाहीच कळलं तर पुढच्या पानावर पाककृती असतीलच.

लेथ ही आडवी मशीन. डावीकडे चक असतो. तो लोखंडाचा तुकडा जबड्यात धरून गरगर फिरवतो. बाजूने हत्यार लावलं की तुकडा सोलला जातो, काकडी सोलावी तसा. त्या तुकड्याला आम्ही जॉब म्हणतो. जॉब लांब असला की त्याचं मोकळं टोक थरथरायला लागतं. ते धरून ठेवायला उजवीकडे टेलस्टॉक असतो. टेलस्टॉकच्या पोटातून एक जाड नळी पुढेमागे सरकते आणि तिच्या तोंडात सेंटर बसवलेलं असतं. सेंटर म्हणजे अंगठ्यापेक्षा जाड, कडक पोलादाचा टोकदार दांडा. त्याचं टोक जॉबला टेकतं आणि शेपूट निमुळतं होत जातं. त्या निमुळत्या शेपटाला टेपर म्हणतात. नळीच्या आत तसाच निमुळता खड्डा असतो, त्याला सॉकेट म्हणायचं. शेपूट सॉकेटमध्ये सारलं, तळहाताने एक थाप दिली, की बसलं. नट नाही, बोल्ट नाही, खिट्टी नाही. नुसतं अंगाला अंग लागून ते धरलं जातं आणि जॉब कितीही अंगावर आला तरी जागचं हलत नाही. काढायचं असेल तेव्हा मागचं चाक उलटं फिरवायचं. नळी आत जाते, आतला स्क्रू शेपटाला मागून ढकलतो आणि सेंटर टक्कन सुटतं.

आणि नाही सुटलं की मला फोन यायचा. घरात स्टीलचे दोन पेले एकात एक अडकले की जी चिडचिड होते ना, तीच चिडचिड समजा. फरक एवढाच, की इथे पेल्यापायी अख्खा गाळा बंद पडतो.

टेपर अडकायची कारणं तशी साधी. कोणी न पुसता बसवतो, मध्ये लोखंडाचा कीस राहतो. कोणी गरम सेंटर घालतो, कोणी थाप मारण्याऐवजी हातोडा घालतो. त्यात आमची भाईंदरची हवा. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. सकाळी चकचकीत पुसून ठेवलेल्या लोखंडावर संध्याकाळी बोट फिरवलं तर तांबडं लागतं. भाईंदरजवळच्या डोंगरीला होड्यांच्या शाफ्टचं काम करणारा एक कारखाना होता. तिथला म्हातारा मालक मला बघितलं की लांबूनच म्हणायचा, "दादा, आजपन निंगत न्हाय." जणू दोष माझाच. मी म्हणायचो, तेल घालत जा. तो म्हणायचा, "तेल घालतंय तर. समिंदर पन घालतंय ना त्याचं."

काढण्याची रीत ठरलेली आहे. आधी तेल, मग ताण, मग ठोका. तेल घालून मुरू द्यायचं. चाक उलटं फिरवून स्क्रूचा ताण शेपटावर कायम ठेवायचा. मग नळीच्या तोंडाशी पितळेच्या दांड्याने गोल गोल फिरत हलके ठोके द्यायचे. जोर कधीच लावायचा नाही. इतकं करून नाहीच निघालं तर नळी बाहेर काढून मागून घालवायचं, पण ती वेळ माझ्यावर फार वेळा आली नाही. या कामात निम्मा वेळ नुसतं बसून राहावं लागतं, आणि मालक लोकांना नेमकं तेच बघवत नाही. फिटरला बोलावलंय आणि फिटर स्टुलावर बसून चहा पितोय, म्हणजे फसवतोय असंच त्यांना वाटतं.

जयंतीभाई म्हणून होते, भांड्यांच्या डाय, म्हणजे साचे, करायचे. त्यांना धीर नावाची गोष्ट देवाने दिलीच नव्हती. मी पोहोचेपर्यंत त्यांनी नळीलाच पाइप पाना लावून पिरगाळलं होतं. नळीवर दातांचे हे एवढे व्रण. मला म्हणाले, "दत्ताभाई, बस थोडासा जोर लगाया." मी म्हटलं, "थोडा लगाया तो ये हाल है. पूरा लगाते तो मशीन अर्नाळ्याला जाऊन पडली असती." ते हसले, मी नाही हसलो. ती नळी परत घासून सरळ करण्यात माझा आठवडा गेला आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी तोच पाना दुसऱ्या मशीनला लावला.

अन्वरभाईंची गोष्ट उलटी. ते राहायला नया नगरला आणि गाळा भाईंदर पूर्वेला. त्यांच्या लेथचं सेंटर कधी अडकलं होतं ते त्यांनाही आठवत नव्हतं. मी दुसऱ्याच कामाला गेलो होतो, ते बघून राहवेना. म्हटलं, काढून देतो, फुकट काढून देतो. अन्वरभाई घाबरले. "नको दत्ताभाई, त्याला हात नका लावू. त्याच्यावर माझे सगळे जॉब सेट आहेत. ते निघालं तर मला सगळं नव्याने शिकावं लागेल." मी त्यांची खूप चेष्टा केली. घरी येऊन बायकोलाही रंगवून सांगितलं. अडकलेली वस्तू कोणाला सोयीची असू शकते, हे तेव्हा माझ्या डोक्यातच शिरलं नव्हतं. ते शिरलं रघूच्या गाळ्यात, मी रिटायर झाल्यावर.

रघू आणि मी एकाच कंपनीत लागलो. तो टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा, मी फिटर. तो महाडकडचा, मी संगमेश्वरचा, म्हणजे घाटाच्या वरच्यांना आम्ही दोघंही सारखेच. टर्नर पुष्कळ बघितले, पण रघूसारखा हात बघितला नाही. कंपनीने जुन्या मशीन काढायला घेतल्या तेव्हा या पठ्ठ्याने ज्या लेथवर उभा राहायचा तीच विकत घेतली आणि गोडदेवला गाळा टाकला. सुमनवहिनी तेव्हा म्हणाल्या होत्या, "लग्नात मला बघायला आले तेव्हासुद्धा एवढं निरखून बघितलं नव्हतं." नंतर दोघांनी मिळून गाळा चालवला. तो मशीनवर, आणि गिऱ्हाईक, माल, फोन हे सगळं वहिनींकडे.

गेल्या पावसाळ्यात रघूच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, जीभ सुधारली, हात मागे राहिला. मी भेटायला जायचो तेव्हा तो रबरी चेंडू दाबत बसलेला असायचा. चेंडू दबायचाही. "बघ, येतोय की नाही जोर?" म्हणायचा. मी म्हणायचो, येतोय. थंडी सरली तसा तो काठी टेकत गाळ्यावर जाऊन बसायला लागला, आणि एक दिवस त्याचा फोन आला.

"दत्ता, सेंटर निघत नाहीये रे. चाक उलटं फिरवतोय, एका जागी येऊन थांबतं. घरात सगळे म्हणतात हातात जोर नाही राहिला. तू ये आणि सांग. हात की मशीन?"

मी म्हटलं, "अरे, येतो की."

"नुसता येऊ नकोस. सामान घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. वहिनींनी शटर अर्धं वर केलेलं होतं. रघू मशीनजवळ स्टुलावर बसला होता, दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा खाकी शर्ट. कामाला जायचा तसाच तयार होऊन आला होता. मशीनवर प्लास्टिक टाकून ठेवलं होतं ते मी काढलं. चाकाला हात घातला, उलटं फिरवलं. फिरत फिरत आलं आणि घट्ट थांबलं. म्हणजे स्क्रू शेपटाला टेकला होता. मी अजून जोर दिला, मग दोन्ही हातांनी दिला. सेंटर तसूभर हललं नाही.

"तुझा हात नाही रघू," मी म्हटलं. "टेपरच बसलाय. माझ्यानेही निघत नाहीये."

त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. वहिनींकडे वळून म्हणाला, "ऐकलंस? मी काय म्हणत होतो? मशीन आहे. हात नाही." मग मला म्हणाला, "काढ आता. उद्या सकाळी पहिला जॉब लावतो." वहिनी चहा सांगून येते म्हणाल्या आणि जाता जाता मला डोळ्यांनी बाहेर बोलावलं.

बाहेर पॅसेजमध्ये त्यांनी मला भिंतीकडे घेतलं. "भाऊजी, ते काढू नका."

"म्हणजे?"

"नाही निघत म्हणून सांगा. तुमचं ऐकतील ते. दुसऱ्या कोणाचं नाही ऐकणार."

"अहो वहिनी, पण का?"

"ते निघालं की उद्यापासून मशीनवर उभे राहणार. हातात जोर आलाय, पण हाताला कळत नाही काही. चहाचा कप धरलाय की सुटलाय, ते त्यांना खाली मान घालून बघावं लागतं. सांगितलं की म्हणतात, लक्ष नव्हतं माझं." त्या हळू बोलत होत्या. "फिरत्या चकापुढे असा हात? मला झोप लागत नाही भाऊजी. वसईचे एक गाळेवाले विचारून गेलेत, अडकलेल्या सेंटरसकट मशीन नेतो म्हणाले. मशीन बिघडली म्हणून विकली, असं म्हणू दे त्यांना. हात गेला असं नको म्हणायला लागायला."

खोटं सांगावंसं वाटत नाही हे एक, आणि त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे माझ्या मनात आधी काय आलं? की दत्तारामला एक टेपर निघाला नाही, हे उद्या सगळ्या गाळ्यांत पसरणार. वहिनी नवऱ्याच्या जिवाचं बोलतायत आणि मी माझ्या नावाचं बघतोय. स्वतःचाच राग आला. आणि खरं सांगायचं तर रघूचाही आला, वहिनींचाही आला. दोघांनी आपापसात बोलायचं सोडून मला मध्ये घातलं होतं. मी आत गेलो.

तेल सोडलं. ताण दिला. पितळी दांडा घेऊन ठोकायला लागलो. हात आपला चालत होता, पण मन काही त्यात नव्हतं. निघालं तर काय, नाही निघालं तर काय, असा विचार करत ठोकत होतो. रघू थोडा वेळ ऐकत राहिला.

"काय रे," तो म्हणाला, "टेपर काढतोयस की आरतीला टाळ वाजवतोयस?"

"मुरू दे ना तेल."

"तेल मुरेल. तू कुठे मुरलास? असा ठोका तू जन्मात मारला नव्हतास." मग थांबून म्हणाला, "हिने बाहेर काय सांगितलं तुला?"

तेवढ्यात वहिनी चहाचे ग्लास घेऊन आत आल्या. त्यांनी ऐकलं होतं.

"सांगितलं मी," त्या म्हणाल्या. "नका काढू म्हणून सांगितलं."

"मला घरात बसवायचंय तुला."

"हो, बसवायचंय. जिवंत बसवायचंय."

मला वाटलं आता रघू भडकणार. कंपनीत असताना सुपरवायझरशी भांडायला हा कायम पुढे असायचा. पण तो डाव्या हाताने उजवा हात मांडीवर नीट ठेवत बसला. मग म्हणाला, "सुमन, एकदा निघू दे. निघालं आणि मला नाही जमलं, तर मी स्वतः सांगेन. माझ्या तोंडाने सांगेन. पण सेंटर अडकलं म्हणून मला घरी पाठवू नकोस. उद्या आयुष्यभर मी मनात म्हणत राहीन, ते निघालं असतं तर मी उभा राहिलो असतो."

वहिनींनी चहा त्याच्या डाव्या हातात दिला. "काढा भाऊजी," त्या म्हणाल्या.

मग मी चष्मा पुसून मशीनकडे पहिल्यांदा नीट बघितलं, आणि बघितलं तर टेलस्टॉकवर मुंग्या. लेथवर मुंग्या मी जन्मात बघितल्या नव्हत्या. तेलाला आणि लोखंडाला मुंग्या कशाला येतील? मशीनच्या पायावरून रांग वर आली होती आणि माझ्या तेलाला वळसा घालून नळीच्या तोंडाशी घुटमळत होती. सेंटर आणि नळी जिथे मिळतात तिथे एक तपकिरी कड दिसत होती. मी गंज समजलो होतो. नखाने खरवडली तर चिकट लागली. वास घेतला. आंबूस, तुपकट.

"वहिनी," मी विचारलं, "मशीनवर काही सांडलं होतं का? दूध वगैरे?"

वहिनी विचारात पडल्या. मग त्यांनी तोंडावर हात ठेवला.

आता दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आम्हा लोकांत मशीनची पूजा करतात. मशीन धुऊन पुसून तेलाचा हात मारायचा, हळदीकुंकू लावायचं, झेंडूची माळ, पुढे नारळ. त्या दिवशी हत्याराला कामाला लावत नाहीत. रघू दरवर्षी एवढंच करायचा. पण गेल्या दसऱ्याला तो अंथरुणावर होता आणि वहिनी एकट्याच गाळ्यावर आल्या होत्या.

"पूजेशिवाय कशी ठेवायची मशीन?" त्या म्हणाल्या. "यांच्या हाताला बरं वाटू दे म्हणून मी साग्रसंगीत केली. देवाला घालतो तसं पंचामृत घातलं."

"कुठे घातलं?" रघूने विचारलं.

"सगळीकडे. आणि ते सेंटर ट्रेमध्ये पडलं होतं, त्यालाही न्हाऊ घातलं. मग तुम्ही बसवता तसं जागेवर बसवलं."

"पुसलंस?"

"देवाचं पंचामृत कोणी पुसतं का?"

"आणि थाप मारलीस?"

"थापेने बसेना. मग लाकडी हातोडी घेतली."

रघू हसायला लागला. आजारपणानंतर तो तसा हसलेला मी बघितला नव्हता. अर्ध्या तोंडाने हसत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. "अगं, टेपर बसवताना मी तेलाचं बोटसुद्धा पुसून घेतो. तू मध घातलास, साखर घातलीस, तूप घातलंस, वर हातोडी घातलीस. हा कसला निघतोय? प्रसाद झालाय त्याचा." वहिनींना हसावं की रडावं कळेना. त्यांनी दोन्ही केलं.

मध आणि साखर वाळून दगड झालं होतं. त्याला तेल काय करणार? त्याला पाहिजे पाणी, आणि गरम पाणी. लेथच्या नळीवर पाणी ओतायचं म्हणजे आमच्या धंद्यात पाप, पण वहिनी चहावाल्याकडून किटली भरून घेऊन आल्या. रघू उठला, काठी मशीनला टेकवली आणि डाव्या हाताने चाक धरलं. "ताण मी धरतो," म्हणाला. उजवा हातही त्याने चाकावर ठेवला. मी हरकत घेतली नाही, मशीन बंदच होती.

वहिनी बारीक धारेने पाणी ओतत होत्या. खाली तपकिरी पाणी ठिबकायला लागलं. किटली संपली, दुसरी आणली. नळी तापली. मी दांडा घेतला आणि या वेळी मनापासून ठोका दिला. एक दिला, नळीच्या बाजूने सरकून दुसरा दिला. तिसऱ्याला आवाज बदलला. बद्द होता तो खणखणीत झाला. मी म्हटलं, "दे." रघूने चाक ओढलं आणि सेंटर टक्कन सुटून माझ्या हातात आलं. चटका बसला म्हणून मी ते या हातातून त्या हातात नाचवत राहिलो, आणि आम्ही तिघंही मूर्खासारखे हसत होतो.

शेपटावर एक बारीक ओरखडा होता. पंचामृताबरोबर लोखंडाचा कीस आत गेला असणार, हातोडीने तो दाबला गेला आणि निघताना खरवडत आला. असं झालं की सॉकेटच्या आत बर उठण्याची भीती असते. बर म्हणजे कापलेल्या पत्र्याच्या कडेला राहतो तसा धारदार काटा. केसाएवढा असला तरी सेंटर वाकडं बसतं आणि जॉब वाकडा होतो. तो डोळ्याला दिसत नाही. बॅटरी मारली तर सगळंच चकाकतं. त्यासाठी बोट घालून बघायचं, हाच उपाय. कंपनीत कोणाला शंका आली की सॉकेट बघायला रघूला बोलवायचे. तो डोळे मिटून उजव्या हाताचं पहिलं बोट आत फिरवायचा आणि सांगायचा. त्याने साफ म्हटलं की साफ.

"सरक," रघू म्हणाला. सॉकेट कोरडं करून झालं होतं. त्याने डोळे मिटले. उजव्या हाताचं बोट आत घातलं, डाव्या हाताने मनगटाला धरून हळूहळू पूर्ण फेरा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. चेहरा अगदी शांत, कामात असलेल्या माणसाचा. मग बोट बाहेर काढलं आणि डोळे उघडून मला म्हणाला, "साफ आहे. काही नाही."

बोटाच्या टोकावरून रक्त गळत होतं.

मी बघितलं, वहिनींनी बघितलं. रघू आमच्याकडे बघत होता. आमची तोंडं बघून त्याने खाली मान घातली आणि त्यालाही दिसलं. रक्ताचा एक थेंब मशीनवर पडला. त्याने बोट चेहऱ्याजवळ नेलं, उलटंसुलटं करून बघितलं. मला वाटलं काहीतरी बोलावं, तेल लागलंय हाताला म्हणून कळलं नसेल असं काहीतरी. पण त्याच्यासमोर ते माझ्या तोंडातून येईना.

"दत्ता," तो म्हणाला, "तू बघ."

मी बोट घातलं. एक पेरभर आत, वरच्या बाजूला, टचकन लागलं.

"आहे?"

"आहे."

त्याने मान हलवली. वहिनींनी त्याचं बोट रुमालाने घट्ट बांधलं. त्या रडत होत्या, पण आवाज नाही. तो त्यांना म्हणाला, "त्या वसईवाल्याचा नंबर आहे ना तुझ्याकडे? लाव."

मी म्हटलं, "बर मी आत्ता घासून देतो रघू. फार वेळ लागायचा नाही."

"घास. बॅटरी मी धरतो."

त्याने डाव्या हाताने बॅटरी धरली. मी बारीक पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून घासायला लागलो. मध्येच त्याने सांगितलं, "तेवढाच घे. बाकी सॉकेटला लागू देऊ नकोस." आपल्याला सगळं येतं असं मला नेहमी वाटत आलंय, पण त्या वेळी मी मुकाट्याने हो म्हटलं. फोन लागला तेव्हा वहिनींनी तो त्याच्या कानाशी धरला. पलीकडच्या माणसाचा आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होता.

"रघुनाथ बोलतोय, गोडदेवहून," रघू म्हणाला. "मशीनचं विचारून गेला होतात ना? सेंटर निघालं. आत एक बर होता, तोही काढतोय. आता काही दोष नाही तिच्यात. या आणि चालवून बघा."

"अहो, मग विकताय कशाला?" पलीकडून विचारलं.

रघूने बॅटरी हलू दिली नाही.

"हात गेलाय माझा," तो म्हणाला. "मशीन चांगली आहे."